रिंगवरची खूण

मिलिंद, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला माझ्या हातात माईक दिला आणि माझी वाट लागली.

सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या, फुलं वाहून झाली, आणि मग तुमच्या रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. तुझ्या कंपनीतले, टूलरूमचे, म्हणाले की मिलिंदच्या बोटांना डोळे होते. साताऱ्याहून आलेला तुझा चुलतभाऊ म्हणाला की गावच्या विहाराचं दार तूच बसवलंस आणि ते अजून कुरकुरत नाही. सगळे चांगलं बोलले. मग करुणाने माझं नाव घेतलं. म्हणाली, "आता बाबांचे चाळीपासूनचे मित्र, आमच्या समोरच्या दारातले सुधीरकाका." मी उठलो, माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "सायकलचा मागचा हब अजून उघडाच आहे." पुढे काही येईना. लोक थांबले. मी परत तेच वाक्य म्हणालो आणि खाली बसलो.

लोकांना वाटलं, बिचाऱ्याचा गळा भरून आला. गळा वगैरे काही भरला नव्हता. मला रडू आलेलं नाही, मिल्या. स्मशानात नाही, घरी नाही, त्या हॉलमध्येही नाही. आमची ही म्हणते, एकदा रडून घ्या, हलकं वाटेल. मी म्हणतो, बघतो. जेवतो, झोपतो, टीव्ही लावून समोर बसतो. कशाचीच चव लागत नाही आणि कशाची तक्रारही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर अर्धं तोंड असतं ना, तसा अख्खा माणूस झालोय.

मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुला सांगायचं होतं. तू होतास तेव्हा तीन दिवस होते माझ्याकडे, आणि मी सांगितलं नाही. म्हणून आज शुक्रवारी दुपारी वहीत लिहितोय. तू म्हणशील, सुध्या, तुला रजेचा अर्ज लिहिता येत नव्हता, तो मी लिहून द्यायचो. खरं आहे. पण हा तू लिहून देणार नाहीस.

आधी सायकलचं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण ही वही सुजातावहिनी वाचतील, करुणा वाचेल. त्यांना कळायला हवं आपण वर्षभर सातव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये बसून काय करत होतो.

आपली भांडुपची चाळ पाडायला घेतली तेव्हा सामान काढताना तुमच्या पोटमाळ्यावरून ती निघाली. दादांची सायकल. दादा म्हणजे तुझे वडील, पण अख्खी चाळच त्यांना दादा म्हणायची. कारखान्यातला विलायती साहेब कायमचा घरी परत जाताना ती दादांना देऊन गेला होता. काळी फ्रेम, तिच्यावर बारीक सोनेरी रेघ, आणि मागच्या चाकाच्या मधोमध असतो त्या हबमध्ये तीन गिअर. सगळे गिअर पोटात, बाहेर काही दिसत नाही, फक्त एक बोटभर साखळी लोंबते. त्या वेळी चाळीच्या आपल्या टेकडीवर गिअरची सायकल दुसऱ्या कोणाकडे नव्हती. दादा चढावर उतरत नसत. बाकीचे सायकल हातात धरून ढकलत वर यायचे आणि दादा गिअर टाकून बसल्या बसल्या त्यांच्या बाजूने जायचे, कोणाकडे न बघता. तो रुबाब मी नंतर कोणत्या गाडीवाल्यात पाहिला नाही, आणि मी मुलुंडच्या गॅरेजमध्ये पस्तीस वर्षं गाड्यांना स्प्रे मारलाय.

नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावर ती सायकल आठेक वर्षं जुन्या चादरीत गुंडाळून तशीच पडली. तू रिटायर झालास, छातीत पहिल्यांदा कळ आली, स्टेंट टाकले, डॉक्टर म्हणाले हलकंफुलकं काहीतरी करत जा. तर तू चादर काढलीस. मला हाक मारलीस. म्हणालास, "तू रंगवाला, मी फिटर. दोन रिकामटेकडे. ही उभी करू."

भांडण पहिल्याच दिवशी लागलं.

"पूर्ण घासून काढू," मी म्हणालो. "प्रायमर, मग काळा, मग वरून क्लिअर. तोंड दिसेल त्यात."

"सायकल आहे ती. नवरी नाही."

"गंज दिसतोय रे सगळीकडे."

"गंज काढ. रंग नको काढू."

"म्हणजे हे चट्टे असेच ठेवायचे?"

"ठेवायचे."

"मग मला कशाला बोलावलंस? चहा प्यायला?"

"हो," म्हणालास, "आणि गप्प बसायला."

हे भांडण वर्षभर चाललं. रोज चहाबरोबर. मी म्हणायचो, जुनी वस्तू नीट करायची म्हणजे नवी दिसली पाहिजे. तू म्हणायचास, नवी दिसली तर नवीच घे ना बाजारातून. वरच्या नळीवर, सीटच्या पुढे वीतभर, रंग पार उडून लोखंड उघडं पडलं होतं. तिथे दादा टॉवेल गुंडाळायचे आणि तुला बसवून शाळेत सोडायचे. मी तिथे प्रायमर लावायला ब्रश उचलला तर तू माझं मनगट धरलंस. फिटरची पकड. दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. मी रागाने घरी निघून आलो आणि मग माझ्याच लक्षात आलं की चौथीत माझा हात मोडला होता तेव्हा दादांनी मला त्याच नळीवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. उतारावर एका हाताने हँडल, दुसरा हात माझ्या पोटाभोवती. त्या घासलेल्या जागेत माझाही थोडा वाटा होता. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू जिंकला असतास.

शेवटी असं ठरलं की जिथे गंज आहे तेवढंच घासायचं आणि तेवढंच रंगवायचं. हे काम सोपं नव्हतं, मिल्या, तुला वाटत होतं तितकं. जुना काळा हा नुसता काळा नसतो, त्यात चहाच्या गाळासारखी झाक येते. मी चार वेळा रंग मिसळला तेव्हा कुठे जमला. सीटखालच्या जोडावर लावला, वाळू दिला, तुला बोलावलं. तू चष्मा पुसून पुसून बघितलंस आणि विचारलंस, "कुठे मारलास?" मी नुसता ब्रश पुसत राहिलो. घरी जाऊन हिला सांगितलं. पस्तीस वर्षांत माझ्या रंगाला एवढं मोठं सर्टिफिकेट कोणी दिलं नव्हतं.

फ्रेम झाली. मग हब.

रिम गंजून गेली होती म्हणून तू नवी आणलीस, आरे नवे आणलेस, आणि मागचं चाक जुन्या हबवर नव्याने विणलंस. मग आउट काढायला बसलास. आउट म्हणजे चाक फिरताना डावीउजवीकडे लचकतं ते. एकेक आरा पाव पाव फेरा कसत, सैल करत ते लचकणं घालवायचं असतं. नाक्यावरचा सायकलवाला अर्ध्या तासात काढतो. तू अकरा दिवस घेतलेस. सायकल उलटी करून ठेवायची, चाक फिरवायचं, रिमच्या बाजूला खडू धरायचा, आणि जिथे खडू लागेल तिथला आरा कसायचा. मी म्हणायचो, बस झालं रे, सरळ आहे. तू म्हणायचास, तुझ्या डोळ्याला सरळ आहे, खडूच्या नाही. अकराव्या दिवशी चाक फिरलं आणि खडू रिमपासून केसभर दूर राहिला, पूर्ण फेरा, दोन्ही बाजूंनी. तू खडू खिशात टाकलास आणि बराच वेळ नुसता चाकाकडे बघत राहिलास. मला वाटतं तेव्हा तू खूश होतास. तुझा चेहरा कधीच काही सांगायचा नाही, पण त्या दिवशी तू तुझ्यातलं अर्धं बिस्कीट मला दिलंस.

मग गिअर लावून बघितला तर पहिल्या गिअरमध्ये पॅडल मोकळं सुटायला लागलं. हब परत उघडणं आलं. आतल्या खटक्यांना सायकलवाले कुत्रे म्हणतात. ते चार कुत्रे दात धरून ठेवतात, आणि त्यांच्यामागच्या केसाएवढ्या स्प्रिंगा मेल्या होत्या. त्या कुठे मिळेनात. तू तार आणून स्वतः केल्यास. सहा बिघडवल्यास आणि चार जमवल्यास.

हब उघडताना तू मला ती रिंग दाखवलीस. उजव्या बाजूची मोठी रिंग, जी बरणीच्या झाकणासारखी आट्यांवर फिरत हबमध्ये बसते. म्हणालास, "हिला दोन आटे आहेत. एक नाही, दोन. दोन जिन्यांच्या बिल्डिंगसारखं. कुठूनही चढ, वर पोचतोस, पण बाहेर पडतोस ते दार वेगळ्या बाजूला. चाकाचा आउट मी ही रिंग एका आट्यावर असताना काढलाय. परत घालताना दुसऱ्या आट्यावर गेली की माझ्या अकरा दिवसांची वाट लागली." मग करुणाचं मरून नेलपेंट मागून आणलंस आणि रिंगवर एक ठिपका दिलास, हबवर एक, बरोबर समोरासमोर. मग छिन्नी-हातोडीने ठोकून रिंग सोडवलीस. तो रविवार होता.

सोमवारी तुला दवाखान्यात तपासायला जायचं होतं. तू म्हणालास, "तू सगळे पार्ट धुऊन ठेव. मी आलो की स्प्रिंगा घालतो." पूर्वी आपण रॉकेलमध्ये धुतलं असतं. पण रेशनवर रॉकेल मिळायचं कधीच बंद झालं, आणि माझ्याकडे काय असणार? थिनर. रंगवाल्याच्या घरी दूध नसेल एक वेळ, पण थिनर असतो. मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थिनर ओतला, सगळे पार्ट त्यात बुडवले, हबचं भोक चिंधीने पुसून काढलं. झकास निघालं. वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस गेलं आणि पितळ, लोखंड सगळं लख्ख दिसू लागलं. मी एकेक पार्ट वर्तमानपत्रावर मांडला. शेवटी रिंग उचलली आणि बघतो तर ठिपका नाही. हब बघितला. तिथेही नाही. चिंधीवर थोडं मरून लागलं होतं.

पस्तीस वर्षं मी थिनरने रंग काढत आलो, मिल्या. नेलपेंट हा रंगच आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. हाताने केलं, डोक्याने बघितलं नाही. कोणी शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला गॅरेजबाहेर काढलं असतं.

संध्याकाळी तू आलास, डॉक्टरने गोळ्या बदलल्या होत्या, तुला दम लागला होता. पार्ट बघितलेस, म्हणालास, "नवरी तू सजवलीसच शेवटी." मी हसलो. रिंग मी मुद्दाम पालथी ठेवली होती आणि हबवर चिंधी टाकली होती. मंगळवारी तू थकलेला होतास, आलास नाहीस. बुधवारी तू दोन स्प्रिंगा घातल्यास आणि उरलेल्या दोन उद्या म्हणालास. मी समोर बसून होतो. सांगू, सांगू म्हणत चहा संपला. मला भीती वाटत होती. तू चिडशील याची नाही, चिडण्याची मला सवय होती. तू काही न बोलता त्या चाकाकडे बघशील, आणि तुझे अकरा दिवस मी एका चिंधीने पुसून टाकले हे तुझ्या तोंडावर दिसेल, याची भीती होती. माझी समजूत अशी की रिंग एकदा चुकीच्या आट्यावर गेली की गेलीच.

गुरुवारी सकाळी वहिनींनी आमचं दार वाजवलं. तू खुर्चीत बसला होतास आणि बनियन घामाने ओलं झालं होतं. "गॅस झालाय," म्हणालास. तुला खाली आणलं, रिक्षा केली. वहिनी एका बाजूला, मी एका बाजूला, मधे तू. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालास, "सुध्या, रिंग घालताना खूण बघ."

मी म्हणालो, "हो."

"दुसऱ्या आट्यावर नको घालूस."

"हो रे. बघतो."

मग तू वहिनींकडे पाणी मागितलंस. बाटली आणायची राहिली होती. दवाखाना आला, तुला आत नेलं, आणि तासाभराने डॉक्टर बाहेर आले.

मला तुझा राग आला होता, खरं सांगतो. सगळे रडत होते आणि मी बाकावर बसून चिडत होतो. साठ वर्षांची ओळख, आणि शेवटी बोलायला तुला रिंगच सापडली. आणि मी त्यावर खोटं बोललो. आपल्या दोघांमधलं शेवटचं वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं. याच्या पुढे माझं डोकं जात नव्हतं, आणि अजून त्या सिग्नललाच थांबलंय.

आमच्यात दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवेना झाला की घरातले एकेक पुढे होऊन कबूल करत जातात, पोरीचं लग्न लावू, गावचं घर पाडणार नाही, असं करत करत, जोवर कावळा बसत नाही तोवर. तू त्यावर हसायचास. माझ्या आईच्या दहाव्याला माझ्या कानात म्हणाला होतास, "कावळ्याला भूक लागली की शिवतो रे." तुमच्यात ती भानगड नाही. पण रविवारी हॉलमध्ये मला वाटलं, असती तर बरं झालं असतं. तुझा कावळा बसला नसता, मला माहीत आहे. आणि मग मला सगळ्यांसमोर सांगावंच लागलं असतं की थिनरने पुसलं.

कार्यक्रम संपल्यावर करुणा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, तुम्ही हबचं बोललात ना, मी त्याचं बघितलंय. पवईला माझ्या ऑफिसजवळ एक स्टुडिओ आहे, जुन्या सायकली करून देतात. पूर्ण रंग काढून पावडर कोटिंग करतील. मागचं चाक बदलून साधं टाकतील. मग आपण ती घरात हॉलच्या भिंतीवर लावू, बाबांची आठवण म्हणून. येत्या रविवारी न्यायला येतायत."

"रंग कुठला?" मी विचारलं.

"काळाच. पण एकदम चकाचक. तुम्हाला तेच हवं होतं ना? बाबा सांगायचे."

मला तेच हवं होतं. वर्षभर त्यासाठी भांडलो. आता भांडण जिंकलो होतो आणि समोर तू नव्हतास. पोर चांगल्या मनाने सांगत होती. तिला काय बोलणार? चाक बदलू नको म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, मग हे जोडून द्या. आणि जोडायचं म्हणजे ती रिंग. मी "बघू" म्हणालो. आजकाल मी सगळ्यालाच बघू म्हणतो.

मंगळवारी दुपारी वहिनींना सांगून पॅसेजमध्ये बसलो. कोणी नव्हतं. तुझ्या उरलेल्या दोन स्प्रिंगा काडेपेटीत होत्या. त्या घालायला मला दोन तास लागले, एक उडाली ती लिफ्टच्या दारापाशी सापडली. बेअरिंगचे छर्रे ग्रीसमध्ये बसवले. मग रिंग हातात घेतली. खूप वेळ बघितली. आटा कुठे सुरू होतो, दोन तोंडं कुठे आहेत, सगळं दिसत होतं, पण कुठलं तोंड तुझं हे कसं कळणार? दोन्ही सारखी. मी डोळे मिटून घातली म्हणालास तरी चालेल. रिंग फिरत आत गेली. हातोडीने हलकी कसली, चाक चढवलं, फिरवलं. खडू धरायची गरजच नव्हती. चाक डोळ्याला दिसेल इतकं लचकत होतं.

मी तसाच उठलो आणि घरी आलो. हात धुतले. ही म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. पंख्याखाली पडलो. तुझे अकरा दिवस गेले होते. रडू आलं असतं तर तेव्हा यायला हवं होतं. नाही आलं. वाटलं एवढंच, की आता रविवारी नेऊ दे त्यांना.

बुधवारी काही केलं नाही. काल, गुरुवारी, तुला जाऊन दोन आठवडे झाले. सकाळी दात घासताना आरशासमोर उभा होतो आणि कसं कोण जाणे, डोक्यात आलं की आटे दोनच आहेत.

दोनच, मिल्या. तिसरा नाही. एकावर चाक लचकतं, म्हणजे तुझा दुसरा. तोंड न पुसता पॅसेजमध्ये गेलो. चाक उतरवलं, छिन्नी लावली, ठोकून रिंग सोडवली. आटे जसेच्या तसे होते, काही बिघडलं नव्हतं. पहिलं तोंड सोडून दुसऱ्यावर घातली. चाक चढवलं. तुझा खडू तुझ्याच शर्टाच्या खिशात होता, तो शर्ट अजून पॅसेजच्या खिळ्यावर लटकतोय. खडू काढला, रिमशी धरला, चाक फिरवलं. पूर्ण फेरा गेला. खडू लागला नाही. दुसऱ्या बाजूने धरला. लागला नाही. केसभर जागा, जशी तू ठेवली होतीस तशीच.

चाक फिरत राहिलं आणि आत तुझे चार कुत्रे टिक टिक टिक बोलायला लागले. वहिनी दारात आल्या. चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. चाक थांबल्यावर म्हणाल्या, "परत फिरवा." मी फिरवलं. म्हणाल्या, "नवी नवरी होते तेव्हा हा आवाज टेकडीच्या वळणावरून यायचा. दादा आले कळायचं. मी चहा टाकायचे." मग त्या आत गेल्या, आणि मला आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला. 

चहा घेता घेता करुणाला सगळं सांगितलं. थिनर, चिंधी, रिक्षा, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण काका, तुम्ही बाबांना तेव्हाच सांगायचं ना. ते म्हणाले असते, दोनदा घालून बघ." वहिनी हसल्या. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. म्हणाल्या, "एवढं साधं नसते बोलले. आधी मूर्खा म्हणाले असते."

म्हणाला असतास. मला तुझा आवाजच ऐकू आला. मूर्खा, दोनच तर आटे आहेत, एक चुकला तर दुसरा घाल, त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे? तू खूण केलीस ती एक वेळ ठोकण्याचे कष्ट वाचावेत म्हणून. अकरा दिवसांची वाट लागली हे तू नेहमीसारखं फुगवून सांगितलंस, आणि मी नेहमीसारखं खरं मानलं. खरी खूण तर चाकातच होती, आऱ्याआऱ्यात, ती कुठल्या थिनरने जाणार नव्हती. तीन दिवस मी ज्याला घाबरलो ते चहाच्या एका घोटात संपलं असतं. तू मला मूर्ख म्हणाला असतास आणि रिक्षात आपण दुसरं काहीतरी बोललो असतो. काय बोललो असतो ते मला माहीत नाही. हेच आता राहून राहून डोक्यात येतं.

मग करुणाला मी वरच्या नळीवरच्या उघड्या लोखंडावर हात ठेवायला लावला आणि सांगितलं ते कशाने झालं ते. तुझी बाजू मी मांडली, वर्षभर ऐकून पाठ झाली होती. तिने पवईला फोन करून रविवारचं रद्द केलं. भिंतीवर लावणार नाही म्हणाली, शिकते म्हणाली चालवायला. तिशीच्या पुढे आहे पोर, सायकल येत नाही. तू शिकवली नाहीस. ते भांडण तुझ्याशी वेगळं आहे.

आज सकाळी तिच्याकडून नेलपेंट मागून घेतलं. मरून वाळून गेलं होतं, गुलाबी निघालं. रिंगवर एक ठिपका दिला, हबवर एक, समोरासमोर. वाळेपर्यंत बसून राहिलो. थिनरची बाटली आमच्या मोरीवरच्या फळीवर ठेवून आलो, आधी झाकण नीट लावून.

तर रिंग खुणेवर बसली आहे, तुझ्याच आट्यावर. रिक्षात तुला हो म्हणालो ते आता खरं आहे. तेव्हा नव्हतं. खूण मी पुसली होती, मिल्या.